मुलगी उंदरांचे पाय सुजवते, डाळिंबाच्या सालीचं औषध तपासायला. याचा माणसाला खरंच उपयोग होतो का?

निवृत्त जॉबर (मंगळवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. चौतीस वर्षं यंत्रमागावर काढली, त्यातली शेवटची वीस जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा. शिक्षण दहावी, त्यामुळे लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

धाकटी मुलगी इथल्याच एका फार्मसी कॉलेजात एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय फार्माकॉलॉजी, म्हणजे औषध शरीरात काय करतं त्याचं शास्त्र. डाळिंबाच्या सालीचा अर्क सूज कमी करतो का, हे तिचं प्रोजेक्ट. साली आमच्याच गच्चीवर वाळल्या. सांगोल्याच्या पाहुण्यांनी दोन पोती आणून टाकली होती. तिथपर्यंत घरात सगळ्यांना कौतुक होतं. परवा जेवताना ती सहज म्हणाली की पुढच्या महिन्यात 'ॲनिमल वर्क' सुरू. म्हणजे काय, तर पांढऱ्या उंदरांच्या मागच्या पावलात एक द्रव टोचायचा, पाऊल सुजू द्यायचं आणि सूज किती चढली, किती उतरली ते तासातासाला मोजायचं. शेवटी उंदीर मारायचे.

बायकोनं ताट सारलं. तिला नऊ वर्षं संधिवात आहे. पूर्वी विड्या वळायची. आता सकाळी दहापर्यंत बोटंच मिटत नाहीत, पान कातरणं लांबच. ती म्हणाली, "सूज म्हणजे काय ते मला विचार. आणि तू ती मुद्दाम आणणार होय गं दुसऱ्याच्या अंगावर?" पोरगी न जेवता उठली.

मी काही संत नाही. कारखान्यात उंदरांनी सूत कुरतडलं की मी स्वतः गोळ्या टाकल्यात आणि सकाळी किती मेले ते मोजलंय. त्यामुळे मला दया आली असं म्हटलं तर मलाच हसू येईल. माझा प्रश्न जॉबरचा आहे. सॅम्पल एका मागावर काढायचं आणि माल दुसऱ्याच मागावर, असं केलं की गिऱ्हाईक बोंबलत परत येतं. उंदराचं पाऊल उतरलं म्हणजे बायकोची बोटं उतरतील का? नसतील, तर पोरगी हे कशासाठी करते? तिला विचारलं तर "पप्पा, स्टँडर्ड मॉडेल आहे" एवढंच उत्तर.

जाणकारांनी सांगावं.

---

शेंगाचटणी (मंगळवार, रात्री १०:०५)

काका, दोन पोती साली म्हणजे डाळिंबं किती झाली असतील! दाणे कुणी खाल्ले ते आधी सांगा ओ.

बाकी प्रश्न जबरदस्त. इथंच बसतो.

---

चिऊताईची मैत्रीण (मंगळवार, रात्री १०:३२)

काकूंशी शंभर टक्के सहमत. दाह शोधायला दाह निर्माण करायचा, तोही ज्याला नाही म्हणता येत नाही अशाच्या अंगात. आणि त्या उंदरांना वेदनाशामकही देत नाहीत, कारण सूज उतरवणारं औषधच तर तपासायचं असतं. देशभरातल्या कॉलेजांमध्ये दरवर्षी हेच. आज निर्गुंडी, उद्या शेवगा, परवा डाळिंब. त्यातून बाजारात औषधं किती आली? एखादं तरी सांगा.

---

औषधी मास्तर (बुधवार, सकाळी ७:१५)

मी फार्माकॉलॉजी शिकवतो (सोलापुरात नाही, पण माहेर होटगी रोडचं म्हणा). जॉबरकाका, प्रश्न इतका नेमका आहे की व्हायव्हाला विचारावा. जरा लांबण लावतो.

तो टोचायचा द्रव म्हणजे कॅराजीनन. लाल समुद्रशैवालापासून निघतो. आइस्क्रीम दाट व्हावं म्हणून घालतात तोच पदार्थ. खाल्ला तर पोटात जातो, कातडीखाली टोचला तर अंग त्याला शत्रू समजतं. १ टक्क्याचं द्रावण, ०.१ मिली, म्हणजे दोन थेंब, मागच्या पावलाच्या तळव्यात. मग शरीरातली सूज आणणारी रसायनं कामाला लागतात: पहिल्या तासाभरात हिस्टामिन आणि सेरोटोनिन धावून येतात, मग ब्रॅडिकायनिन, आणि साधारण अडीच तासांनंतर प्रोस्टाग्लँडिनचा अंमल. सूज तीन ते पाच तासांत शिखराला पोचते. मोजायचं यंत्र प्लेथिस्मोमीटर. नाव दांडगं, तत्त्व आर्किमिडीजचं: घोट्यावर पेनानं खूण करायची, तिथपर्यंत पाऊल पाण्यात बुडवायचं, पाणी किती हललं ते बघायचं. आमच्या वेळी पाण्याऐवजी पारा असायचा.

ही पद्धत, म्हणजे लेकीचं 'स्टँडर्ड मॉडेल', १९६२ मध्ये मर्क कंपनीतल्या विंटर, रिझले आणि नस या तिघांनी मांडली. त्याच कंपनीत त्या सुमारास इंडोमेथॅसिन हे सूज उतरवणारं औषध सापडलं. त्याची गंमत ऐका. सूज सेरोटोनिनमुळे येत असावी अशा समजुतीनं त्यांनी सेरोटोनिनसारखी दिसणारी शेकडो इंडोल संयुगं उंदरांवर लावून पाहिली. समज चुकीचा निघाला, औषध मात्र खरं निघालं. ते नेमकं काय करतं हे १९७१ मध्ये कळलं, जॉन व्हेननं ॲस्पिरिन आणि त्याची भावंडं प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवतात हे दाखवल्यावर. (१९८२ चं नोबेल.) म्हणजे औषध का चालतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण चालतं हे उंदराच्या अंगावर दिसत होतं.

आणि काका, विंटरमंडळींची दुसरी आवडती पद्धत तुम्हाला जवळची वाटेल. कापसाची निर्जंतुक गोळी उंदराच्या कातडीखाली ठेवायची. सात दिवसांत शरीर तिच्याभोवती गाठ विणतं. गोळी काढायची, वाळवायची, वजन करायचं. जितकं वजन वाढलं तितका जुनाट दाह.

ताई, "एखादं तरी सांगा" म्हणालात. आयबुप्रोफेन. नॉटिंगहॅमला बूट्स कंपनीत स्ट्यूअर्ट ॲडम्स गिनीपिगची पाठ भादरून त्यावर अतिनील प्रकाश टाकायचे आणि कुठलं रसायन लाली थोपवतं ते बघायचे. सहाशेच्या वर रसायनं तपासली. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये गोळी आली. एका भाषणाच्या आधी रात्रीची जास्त झाली म्हणून ॲडम्सनी स्वतःच ६०० मिलिग्रॅम घेऊन पाहिलं होतं. ते मॉडेल मात्र फक्त माणसाचं.

पण त्याच प्रयोगशाळेतलं आधीचं औषध आयबुफेनॅक. गिनीपिगवर छान, माणसात यकृत बिघडवलं, परत घ्यावं लागलं. प्राण्यांत त्याची चाहूल लागली नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच खोलीतल्या.

आता तास आहे, पुढचं संध्याकाळी.

---

बॅगवाला एमआर (बुधवार, सकाळी ११:२०)

मास्तर, कॉक्सिब जातीच्या वेदनाशामकांचं पण लिहा. मी औषध कंपनीचा एमआर, नवा होतो तेव्हा रोफेकॉक्सिबच्या बॅगा घेऊन नवी पेठ ते सात रस्ता फिरलोय. "सर, पोटाला त्रास नाही" हे वाक्य झोपेत म्हणायचो. उंदराच्या पावलावर उत्तम, पोटाच्या अल्सरच्या मॉडेलवर उत्तम. ३० सप्टेंबर २००४ ला जगभरातून परत, हृदयविकाराचा धोका वाढतो म्हणून. त्याच वर्षी आपल्याकडेही बंदी. उंदराचं पाऊल हृदयाबद्दल काय सांगणार?

---

गुरांचा डॉक्टर (बुधवार, दुपारी २:१०)

मोहोळ तालुक्यात जनावरांचा डॉक्टर आहे. इथं उंदरांवरून माणसाचं चाललंय, मी उलट बाजूनं सांगतो.

डायक्लोफेनॅक, सूज आणि ठणक्याचं औषध. माणसाला चालतं, उंदराला चालतं, गाईला तर उत्तमच चालतं. बैलाचा खांदा सुजला की आम्ही हेच टोचायचो. शेतकरी सकाळी फोन करून सांगायचा, उठलं ओ जनावर. मग ते जनावर कधीतरी मेलं की शिवारात टाकायचे आणि गिधाडं यायची. त्या मांसातल्या उरलेल्या औषधानं गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं, अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर बसतो. २००४ मध्ये हे कारण उघड झालं तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी. मग मेलॉक्सिकॅम हे त्याच जातीचं औषध गिधाडांनाच देऊन पाहिलं, ते सोसलं, आणि आज मी तेच वापरतो. पुढे २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेनही जनावरांसाठी बंद झाले.

मांजराला पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते. घरी ज्यांच्या मांजर आहे त्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवा, बाकी धागा विसरलात तरी चालेल.

तर एका प्राण्याचं दुसऱ्याला लागू पडतं का? पडतं, आणि पडतही नाही. ज्याला देणार त्याला देऊन बघेपर्यंत नक्की कळत नाही. एवढंच मला पंचवीस वर्षांत समजलं.

---

निर्गुंडी (बुधवार, दुपारी ४:४५)

एवढ्या उठाठेवी कशाला? हळद, सलाई गुग्गुळ, निर्गुंडी हजारो वर्षं माणसांवर तपासलेलीच आहेत. आमच्या आजीनं डाळिंबाची साल उगाळून दिली तेव्हा उंदराला विचारलं नव्हतं.

---

सात रस्ता ते हैदराबाद (बुधवार, संध्याकाळी ५:३०)

निर्गुंडी, आजीनं साल उगाळली ती बहुतेक जुलाबाला, संधिवाताला नाही. :)

हळदीचं म्हणाल तर लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत श्रीमल आणि धवन यांनी १९७३ मध्येच हळदीतलं कर्क्युमिन उंदरांच्या सुजेवर चालतं हे छापलंय. सलाईवर जम्मूच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात काम झालंय. कर्क्युमिनची अडचण सूज उतरवण्याची नाहीच. तोंडावाटे घेतलं की रक्तात फारच थोडं पोचतं. उंदराला किलोमागे शेकडो मिलिग्रॅम पाजता येतं, माणसाला वाट्या भरून हळद कोण खाणार?

मी हैदराबादला औषधांच्या चाचण्या करणाऱ्या कंपनीत आहे. कॉलेजचे प्रबंध वाचले की मी पहिल्यांदा हाच हिशोब करतो. काका, लेकीला डोस विचारा. बहुतेक २०० आणि ४०० मिलिग्रॅम प्रतिकिलो असणार, आपल्याकडे सगळ्यांचे तेच असतात, जणू वटहुकूम आहे. उंदराचा डोस माणसात आणायला ढोबळमानानं ६.२ नं भागतात. ४०० चे झाले साडेचौसष्ट. ६० किलोच्या माणसाला जवळजवळ ३.९ ग्रॅम अर्क. शंभर ग्रॅम सालीतून बारा ग्रॅम अर्क निघत असेल तर रोज बत्तीस ग्रॅम सुकी साल. काकू घेतील?

---

शेंगाचटणी (बुधवार, संध्याकाळी ५:४१)

बत्तीस ग्रॅम साल खाण्यापेक्षा सूज बरी म्हणतील.

---

औषधी मास्तर (बुधवार, रात्री ८:५०)

आलो. काकांच्या मूळ प्रश्नाकडे: उंदराचं पाऊल उतरलं म्हणजे बायकोची बोटं उतरतील का?

नाही. सरळ नाही.

कॅराजीननची सूज काही तासांची. बाहेरून आलेल्या त्रासाला शरीरानं दिलेलं ते योग्य उत्तर आहे, एक-दोन दिवसांत आपोआप ओसरू लागतं. वहिनींचा संधिवात म्हणजे शरीराची फौज स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली आणि वर्षानुवर्षं न थांबलेली. दोन्हीला मराठीत आपण 'सूज' म्हणतो, घोळ तिथूनच सुरू होतो. ठेच लागून अंगठा सुजणं आणि हे, एक नव्हे.

संधिवाताच्या जवळ जाणारी मॉडेल वेगळी. एकात क्षयाच्या मेलेल्या जंतूंचं तेलातलं मिश्रण (फ्रॉइंडचं ॲडजुव्हंट) उंदराला टोचतात, दहा ते चौदा दिवसांत सांधे सुजतात. पिअरसननं १९५६ मध्ये हे दाखवलं. दुसऱ्यात सांध्यातल्या कूर्चेतलं कोलॅजन नावाचं प्रथिन टोचतात, ते १९७७ चं. पण तिथंही फसगत आहे. ॲडजुव्हंटच्या उंदराला इंडोमेथॅसिनसारखी साधी वेदनाशामकं दिली तर सूज तर उतरतेच, हाडांची झीजही कमी होते. माणसात ही औषधं ठणका कमी करतात, पण सांध्यांची झीज थांबवत नाहीत. उंदरावर विसंबलो असतो तर वहिनींना फक्त पेनकिलर देत बसलो असतो आणि बोटं वाकडी होत गेली असती.

काका, वहिनींना सध्या काय चालू आहे? मेथोट्रेक्सेट?

---

निवृत्त जॉबर (बुधवार, रात्री ९:३०)

हो सर, तेच नाव. आठवड्यातून एकदा, सोमवारी. आणि दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी. तिचा फरक पडला आहे, नाहीतर उठणंही मुश्कील होतं.

---

औषधी मास्तर (बुधवार, रात्री ९:४२)

आठवड्यातून एकदाच, हे घरात सगळ्यांना पाठ असू द्या. चुकून रोज घेतल्यानं लोक दगावले आहेत.

---

पूर्व भागातला (बुधवार, रात्री १०:१५)

मेथोट्रेक्सेटवरून राहवलं नाही. आमच्या घरात तेलुगू, बाहेर मराठी, पूर्व भागात हे नवं नाही. त्या औषधामागे आमचा माणूस आहे. यल्लाप्रगडा सुब्बाराव, जन्म १८९५, भीमवरमचे. अमेरिकेत लेडर्ली कंपनीत त्यांच्या हाताखालच्या चमूनं फॉलिक ॲसिडला अडवणारी संयुगं बनवली. अमिनोप्टेरिन आणि मग मेथोट्रेक्सेट. ती बोस्टनला सिडनी फार्बरनी रक्ताच्या कॅन्सरच्या लहान मुलांना दिली. सुब्बाराव १९४८ मध्ये गेले. १९५१ मध्ये गुब्नर नावाच्या डॉक्टरनं अमिनोप्टेरिन संधिवाताच्या रुग्णांना देऊन पाहिलं, सांधे उतरले. तरी अमेरिकेत संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटला मंजुरी मिळायला १९८८ उजाडलं.

म्हणजे काकूंच्या बोटांना जे लागू पडलं ते कुठल्याही उंदराच्या सुजलेल्या पावलातून आलेलं नाही. कॅन्सरच्या दारातून आलं.

---

चिऊताईची मैत्रीण (बुधवार, रात्री १०:२८)

+१. हेच तर म्हणतेय!

---

सात रस्ता ते हैदराबाद (गुरुवार, सकाळी ८:०५)

ताई, घाई नको. संधिवाताची जी मोठी इंजेक्शनं आहेत (इन्फ्लिक्सिमॅब वगैरे, टीएनएफ हे दाह भडकवणारं शरीरातलं प्रथिन अडवणारी) त्यांचा रस्ता उंदरांतूनच गेला. १९९१ मध्ये अथेन्समधल्या कोलियास यांच्या गटानं माणसाचं टीएनएफ जनुक छोट्या उंदरात घातलं, आणि त्या उंदरांना आपोआप संधिवात झाला. टीएनएफ अडवणारी प्रतिपिंडं दिली तर झाला नाही. लंडनला फेल्डमान आणि मैनी यांच्या गटानं कोलॅजनच्या उंदरांवर तेच पाहिलं आणि १९९२ मध्ये माणसांवर पहिली चाचणी सुरू केली. आज जगभर लाखो लोक त्यावर हिंडताफिरताहेत.

आणि याच्या उलटंही घडलंय. मार्च २००६, लंडन. टीजीएन१४१२ नावाचं प्रतिपिंड, संधिवात आणि एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी. माकडांना जो डोस सुखरूप सोसला त्याच्या पाचशेपट कमी डोस सहा निरोगी तरुणांना दिला. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात. जीव वाचले. कारण नंतर कळलं: त्या माकडांच्या विशिष्ट टी-पेशींवर ज्याला ते प्रतिपिंड चिकटतं तो रेणूच नव्हता.

मला विचाराल तर "प्राणी उपयोगी की निरुपयोगी" हा प्रश्नच वाया आहे. टीएनएफच्या उंदराला एक नेमका प्रश्न विचारला होता, त्यानं नेमकं उत्तर दिलं. पावलाच्या उंदराला आपण विचारतो "काही होतंय का?" आणि तो म्हणतो "हो, काहीतरी होतंय".

---

औषधी मास्तर (गुरुवार, दुपारी १:२०)

शेवटच्या ओळीला टाळ्या. कारण त्या पावलाच्या टेस्टमध्ये 'हो' फार स्वस्तात मिळतो. एक जुनी खोड सांगतो. अर्क पोटात टोचला आणि तोच दाहक असला, तर पोटात नवी आग लागते आणि पावलाची सूज उतरते. शरीराचं लक्ष दुसरीकडे वळतं. प्रबंधात छापून येतं, '५८ टक्के प्रतिबंध'. औषध नव्हतं ते, दुसरी जखम होती.

दुसरं, ताण. उंदीर घाबरला की त्याच्या अंगात कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं, म्हणजे घरचंच स्टेरॉइड. सूज आपोआप दबते. २०१४ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या मोगिल यांच्या गटानं दाखवलं की खोलीत पुरुष असला, नुसता पुरुषानं घातलेला टी-शर्ट ठेवला तरी उंदरांना ताण येतो आणि वेदनेची चिन्हं कमी दिसतात. बाई असली तर नाही. आता आपलं सोलापूर घ्या: मे महिन्यात ४३ अंश, ॲनिमल हाउसला हवं २२ च्या आसपास, आणि दुपारी लाइट गेली. जनरेटर लागेपर्यंतच्या त्या वेळेत तुमचं मॉडेल कुठल्या आजाराचं झालं?

आणि तिसरं, मोजणारा. पाऊल खुणेपर्यंत बुडालं की किंचित वर, हे माणूस ठरवतो. कुठला उंदीर औषधाचा हे ठाऊक असेल तर हात आपोआप उदार होतो. मी स्वतः केलंय, विद्यार्थी असताना. मुद्दाम नाही. पण झालंय.

काका, लेकीला विचारा: उंदीर गटात कसे वाटले, मोजताना गट माहीत असतो का, अर्क तोंडानं की पोटात टोचून, आणि प्रबंधाच्या शीर्षकात 'संधिवात' शब्द आहे का.

---

चिऊताईची मैत्रीण (गुरुवार, दुपारी २:००)

आणि पाचवा प्रश्न: प्राण्याशिवाय करता येत नाही का? १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी सांगून ठेवलंय: शक्य तिथं पर्याय वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. अमेरिकेनं डिसेंबर २०२२ मध्ये औषधांसाठी प्राणिचाचणीची सक्ती काढली. आपल्याकडेही मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत पेशी, चिपवर पेशींपासून बनवलेले छोटे अवयव, संगणक यांना जागा मिळाली. बी. फार्म.ची मुलं आता प्रात्यक्षिकं कॉम्प्युटरवरच करतात ना?

---

औषधी मास्तर (गुरुवार, दुपारी ३:१०)

करतात. पुदुच्चेरीच्या जिपमर वैद्यकीय संस्थेत बनलेलं एक्स-फार्म हे सॉफ्टवेअर आम्हीही वापरतो, आणि मला त्यात काही गमावल्यासारखं वाटत नाही. बेडकाचं हृदय शंभराव्यांदा बघून नवीन काय कळणार होतं?

संशोधनाला पेशींवरच्या टेस्ट आहेत. मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींना जंतूंच्या कवचाचा तुकडा दाखवून भडकवायचं आणि औषधानं शांत होतात का बघायचं. चांगली पहिली चाळणी आहे. पण पेशीला यकृत नसतं, आतडं नसतं. कर्क्युमिन बशीत हिरो असतं ते यामुळेच. आणि कृपा करून अंड्याच्या पांढऱ्या बलकाची टेस्ट सुचवू नका. बलक गरम केल्यावर गोठला नाही म्हणून 'दाहशामक' असं लिहिलेले पेपर वाचून माझेच सांधे दुखतात.

---

गुरांचा डॉक्टर (गुरुवार, रात्री ८:३०)

एक जोडतो. मी एका कॉलेजच्या प्राणी नीतिसमितीवर होतो, कुठल्या ते सोडा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे (पूर्वी सीपीसीएसईए, आता सीसीएसईए), तिची परवानगी आणि कॉलेजची स्वतःची समिती असल्याशिवाय उंदराला हात लावता येत नाही. समितीवर एक पशुवैद्य आणि एक बाहेरचा, शास्त्रज्ञ नसलेला माणूस लागतोच. बैठकीत सगळे अर्ज "पूर्वीप्रमाणे" म्हणून पुढे सरकायचे. त्या बाहेरच्या गृहस्थांनी एकदाच विचारलं, "हे मागच्या वर्षीही केलं होतं ना, मग उत्तर काय आलं?" खोलीत शांतता. मीही खाली बघत होतो.

---

निवृत्त जॉबर (रविवार, सकाळी ११:५०)

चार दिवस उशीर झाला, माफी. मास्तरांचे चार आणि ताईंचा पाचवा प्रश्न कागदावर लिहून मुलीपुढे ठेवले. आधी चिडली. "पप्पा, इंटरनेटवर माझं प्रोजेक्ट टाकलं तुम्ही?" मग स्वतःच धागा वरपासून वाचत बसली, रात्री दीडपर्यंत लाइट चालू होता.

तिची उत्तरं. पाच गटांत सहा-सहा मिळून तीस उंदीर मागितले होते, समितीनं पंचवीसच दिले. एकूण उंदरांतून गटांची संख्या वजा करायची आणि उत्तर दहा ते वीसच्या मध्ये हवं, असा काही हिशोब आहे म्हणे. पेशींची टेस्ट आधी केली आहे, त्यात अर्क चालला, म्हणून पुढे. अर्क तोंडानंच पाजणार, पोटात टोचणार नाही. डोस २०० आणि ४००च होते, हैदराबादच्या साहेबांनी कसं ओळखलं? आता तिनं मॅडमना विचारून १०० चा गट घेतला आणि एक जादाचा गट काढून टाकला.

वाटणी मात्र पिंजरा उघडला की हाताला येईल तो पहिल्या गटात, अशी ठरली होती. बायको मध्येच म्हणाली, "मग जो गरीब आणि मंद तोच आधी हाताला लागणार की." मी म्हटलं भिशीच्या चिठ्ठ्या काढतो तशा काढ. पंचवीस चिठ्ठ्या आमच्या शेंगांच्या डब्यात घातल्यात. मोजणारी तिची मैत्रीण, तिला फक्त नंबर माहीत असतील. मोजायला दोघीही मुलीच, त्यामुळे टी-शर्टाचा प्रश्न नाही. मी डबा द्यायला गेलो तर गेटवरच थांबायचं असा हुकूम आहे.

शीर्षकात 'संधिवात' होता. 'तीव्र दाह' केलाय. मॅडम म्हणाल्या छापायला तितकं भारदस्त वाटत नाही. मुलगी म्हणाली राहू दे.

बायकोचं म्हणाल तर ती अजून पूर्ण राजी नाही. पण तिनं एक विचारलं ते लिहितो: नाही उतरली सूज, तर ते छापणार का? मुलगी गप्प बसली. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

सात रस्ता ते हैदराबाद (रविवार, दुपारी १२:१५)

काकू आमच्या कंपनीत हव्या होत्या. प्रबंधात येईल, जर्नलवाले सहसा घेत नाहीत. म्हणूनच दुसऱ्या गावची पोरगी पुन्हा त्याच सालीसाठी पंचवीस उंदीर मागते.

---

औषधी मास्तर (रविवार, दुपारी १:०५)

काका, एक राहिलं. अर्क पाण्यात नीट विरघळत नसणार. कशात मिसळून पाजणार? आणि ज्या गटाला औषध नाही त्यालाही नेमकं तेच पाजायला हवं, नुसतं पाणी नाही.

---

निवृत्त जॉबर (रविवार, दुपारी १:४०)

विचारलं. सीएमसीच्या द्रावणात, आणि हो, कंट्रोललाही तेच.

सर, सीएमसी म्हणजे तीच ना, सायझिंगला खळीत घालतात ती पावडर? ती तर मी आयुष्यभर सुताला पाजली. गुठळ्या होतात बरं तिच्या. पाण्यावर हळूहळू भुरभुरायची आणि सारखं ढवळायचं, एकदम ओतली की गेली. पोरीला दाखवतो कसं करायचं ते.